शेवाळ हटत नाही आणि मासेही बारीक होत चाललेत: रीफ टाकीतल्या खाण्याचा घोळ कसा सोडवायचा

रीफ टाकी म्हणजे प्रवाळ (कोरल) आणि सागरी मासे ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्याबद्दलची तक्रार साधारण अशी असते. काच पुसली की दोन दिवसांत पुन्हा हिरवट थर, दगडांवर केसाळ शेवाळ, नायट्रेट ३०-४० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅमच्या) घरात आणि फॉस्फेट ०.३ च्या पुढे. माणूस घाबरतो आणि माशांचं खाणं निम्म्यावर आणतो. दोन-तीन आठवडे बरं वाटतं, शेवाळ थोडं मागे हटतं. पण तोवर अँथियसची पाठ धारदार दिसायला लागते, टँगचं पोट खपाटीला जातं, आतापर्यंत शांत असलेला एखादा मासा दुसऱ्याचे पर कुरतडू लागतो. ते बघवत नाही म्हणून खाणं पुन्हा वाढवलं जातं, आणि महिनाभरात ये रे माझ्या मागल्या.

या फेऱ्यात मी दीड वर्ष काढलं आणि तीन अँथियस गमावले. त्यांना कुठलाही रोग नव्हता. पाण्याचे आकडे सुधारण्याच्या नादात मी त्यांना उपाशी ठेवलं होतं. ते अजून मनाला लागून आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं असं आहे की माशांच्या तोंडात जाणारं खाणं कमी करू नका. तोंडात न जाणारं कमी करा, आणि पाण्यात उरलेलं बाहेर काढायची सोय वाढवा. शेवाळ आलं की खाणं तोडणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मात्र याच क्रमाने जायचं असेल, तर आपण टाकतो त्यातलं किती तोंडात जातं हे आधी कळायला हवं, आणि ते बहुतेकांनी कधी नीट पाहिलेलंच नसतं.

आधी हिशेब

प्रथिनांच्या वजनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. सुक्या पेलेटमध्ये (दाणेदार खाण्यात) निम्मी प्रथिनं धरली तर १ ग्रॅम पेलेटमधून ८० मिलिग्रॅम नायट्रोजन येतो. तो सगळा नायट्रेट झाला तर सुमारे ३५० मिलिग्रॅम. दगड आणि वाळूची जागा वजा करून टाकीत खरं पाणी २०० लिटर असेल, तर एका ग्रॅममागे नायट्रेट जवळपास पावणेदोन पीपीएमने वाढू शकतं. सुक्या खाण्यात फॉस्फरस १ टक्क्याच्या आसपास असतो. तेवढ्यातून ३० मिलिग्रॅम फॉस्फेट, म्हणजे याच २०० लिटरमध्ये ०.१५ पीपीएम. बहुतेक जण फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान ठेवायला बघतात, तेव्हा एका दिवसाच्या एका ग्रॅमने ती मर्यादा ओलांडायला हवी. प्रत्यक्षात चाचणीत एवढी उडी दिसत नाही, कारण दगड, वाळू, शेवाळ, जिवाणू आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) त्यातलं बरंच आपल्याकडे ओढून घेतात. दगडाने ओढलेल्याचं पुढे काय होतं ते खाली सांगतो, कारण रोग पुन्हा पुन्हा उलटण्याचं मोठं कारण तिथेच आहे.

माशाने खाल्लं म्हणून हा हिशेब मिटत नाही. पूर्ण वाढलेला मासा खाल्लेल्या नायट्रोजनमधला थोडाच भाग अंगाला लावतो, बाकीचा बहुतेक अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. म्हणजे टाकीत पडलेलं सगळं शेवटी पाण्यात येतंच. खाल्लेल्या घासावर निदान मासा जगतो. न खाल्लेल्यावर ब्रिसल वर्म (काटेरी किडे), आयप्टेशिया (तणासारखं पसरणारं समुद्रफूल) आणि शेवाळ जगतं. कोणालाही इजा न करता कमी करता येईल असा भाग एवढाच आहे.

आणखी एक गैरसमज याच हिशेबातून सुटतो. फ्रोझन मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जीवांचा) एक क्यूब साधारण तीन-साडेतीन ग्रॅमचा असतो, पण त्यात बहुतांश पाणी. सुकं वजन काढलं तर अर्धा ग्रॅमही भरत नाही. त्यामुळे “मी फक्त चिमूटभर पेलेट टाकतो, फ्रोझन तर रोज देतच नाही” असं म्हणणारा माणूस रोज दोन क्यूब देणाऱ्यापेक्षा जास्त माल टाकत असू शकतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या आणि आपली चिमूट एकदा मोजा. मी मोजली तेव्हा ती ०.९ ग्रॅम निघाली, आणि ती दिवसातून दोनदा पडत होती.

खाणं जातं कुठे: दोन रात्री द्या

पहिल्या दिवशी नेहमीसारखंच खायला घाला, पंपही नेहमीसारखेच चालू ठेवा, काहीही बदलू नका. फक्त टाकीसमोर खुर्ची घेऊन पाच मिनिटं बसा आणि माशांकडे न बघता खाण्याच्या कणांकडे बघा. पहिल्या अर्ध्या मिनिटात किती कण ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी खाली सोडणाऱ्या कप्प्याच्या, दातांतून पलीकडे गेले? किती दगडांच्या मागे ओढले गेले? वेव्हमेकरच्या (टाकीत प्रवाह फिरवणाऱ्या पंपाच्या) जाळीवर किती चिकटले? फ्लेक वापरत असाल तर पाण्याच्या पृष्ठभागावर पडलेला ढीग थेट ओव्हरफ्लोकडे निघालेला दिसेल, कारण ओव्हरफ्लो पृष्ठभागाचंच पाणी ओढण्यासाठी बसवलेला असतो. माझ्या टाकीत डोळ्यांच्या अंदाजाने तिसरा हिस्सा असा सम्पमध्ये (मुख्य टाकीखालच्या फिल्टर टाकीत) जात होता आणि फिल्टर सॉकमध्ये (पाणी गाळणाऱ्या पिशवीत) अडकून कुजत होता. आपण म्हणतो सॉकने घाण पकडली. पण सॉकमधून पाणी सतत वाहत असतं, अडकलेलं खाणं त्यातच विरघळत राहतं. दोन-तीन दिवसांत सॉक बदलला नाही तर त्याने काही बाहेर काढलं असं म्हणता येत नाही.

दुसऱ्या रात्री दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बघा. दगडांच्या फटीफटीतून जाडजूड ब्रिसल वर्म निघत असतील, वाळूवर त्यांची गर्दी असेल, तर तिथे रोज जेवण पोहोचतंय असं समजा. हे किडे स्वतः वाईट नाहीत, ते सफाईच करतात. पण त्यांची संख्या उपलब्ध खाण्याप्रमाणे वाढते, त्यामुळे उरलेल्या अन्नाचं याहून प्रामाणिक मोजमाप मला माहीत नाही. आयप्टेशियाचंही तसंच. ती नेमकी जिथे फोफावलीय तिथे बघा, बहुतेक वेळा खाण्याच्या प्रवाहाचा शेवट त्याच कोपऱ्यात होत असतो.

आता माशांकडे बघा, आणि पोटाआधी पाठ बघा. पोट सकाळी रिकामं आणि खाल्ल्यावर फुगलेलं दिसणारच, त्यावरून फक्त आजचं कळतं. डोक्याच्या मागे, पाठीच्या पराच्या दोन्ही बाजूंचा स्नायू भरलेला हवा. समोरून पाहिल्यावर तिथे खळगा दिसत असेल, पाठ सुरीच्या पात्यासारखी वाटत असेल, तर मासा कित्येक आठवड्यांपासून कमी खातोय. सगळेच मासे असे असतील तर खाणं कमी पडतंय. एकदोनच असतील तर खाणं पुरेसं आहे, पण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. आणि एखादा मासा सगळ्यांच्या बरोबरीने तुटून पडून खातो, तरी वाळतो, शिवाय त्याची विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबते, तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्या. तो माशांच्या औषधोपचाराचा विषय आहे, खाणं दुप्पट करून तो सुटत नाही.

चाचणीचे आकडे वाचण्यातली चूक

हे थोडक्यात, पण वगळू नका. काही किट नायट्रेट दाखवतात, काही नायट्रेटमधला नायट्रोजन. दुसऱ्या प्रकारच्या आकड्याला ४.४ ने गुणल्यावर नायट्रेट मिळतं. फॉस्फेटच्या बाबतीत काही डिजिटल चेकर फॉस्फरस पीपीबीमध्ये (पीपीएमच्या हजाराव्या भागात) दाखवतात. त्या आकड्याला ३.०७ ने गुणून १००० ने भागायचं. ३० पीपीबी फॉस्फरस म्हणजे साधारण ०.०९ पीपीएम फॉस्फेट, हे पुरेसं ठीक आहे. लोक तोच ३० चा आकडा बघून हादरतात आणि मासे उपाशी ठेवतात, असं घडताना मी पाहिलंय. चाचणी नेहमी एकाच वेळी घ्या, शक्यतो सकाळी, पहिल्या खाण्याच्या आधी. टाकीत वरून घातलेल्या पाण्याचीही एकदा चाचणी घ्या. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ-डीआय फिल्टरचं रेझिन संपलं असेल तर नायट्रेट आणि फॉस्फेट तिथूनच येत असतं आणि दोष खाण्यावर जातो.

तोंडापर्यंत पोहोचवणं

सगळ्यात जास्त फरक इथे पडला, आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागलं नाही.

खायला घालताना रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी परत वर चढवणारा) दहा मिनिटं बंद करा, म्हणजे ओव्हरफ्लो थांबतो. वेव्हमेकर पूर्ण बंद करू नका, अगदी मंद ठेवा. पाणी पूर्ण थांबलं तर कण तळाला बसतात, आणि अँथियस, क्रोमिस यांच्यासारखे पाण्यात तरंगणारं अन्न टिपणारे मासे तळाशी गेलेला घास सहसा घेत नाहीत. कण हळूहळू गोल फिरत राहिले पाहिजेत. रिटर्न बंद झाला की वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं, पातळी चढते आणि स्किमर फेस उधळतो, म्हणून स्किमरही त्याच वेळी बंद करा. पंप पुन्हा चालू करायचं काम मात्र आठवणीवर सोडू नका. एकदा मी खायला घालून बाहेर पडलो आणि परत आलो तेव्हा रिटर्न पाच तास बंद होता. आपोआप परत चालू होणारा टायमर किंवा कंट्रोलरमधला फीड मोड यासाठीच असतो.

खाणं एका झटक्यात ओतायचं नाही. थोडं टाका, सगळे कण टिपले जाईपर्यंत थांबा, मग पुढचं. “दोन-तीन मिनिटांत संपेल एवढं घाला” हा नियम सगळीकडे वाचायला मिळतो. रीफ टाकीच्या प्रवाहात तो फारसा उपयोगाचा नाही. दोन मिनिटांनी कण दिसत नाहीत म्हणजे ते खाल्ले गेले असं होत नाही, ते कुठेतरी वाहून गेलेले असू शकतात. त्यापेक्षा माशांचा वेग बघा. पहिला मासा कणाकडे वळून, तोंडात घेऊन थुंकायला लागला की थांबा. हात थोडा लवकरच आखडा, कारण दिवसात पुढची वेळ आहेच.

पेलेट असेल तर टाकीच्याच पाण्यात पाचेक मिनिटं भिजवून, ड्रॉपरने किंवा लांब नळीच्या पिचकारीने पृष्ठभागाच्या खाली सोडा. कोरडं टाकलं तर ते तरंगत ओव्हरफ्लोकडे जातं. फ्लेक बोटांत धरून पाण्याखाली सोडला तरी चालतो. फ्रोझन क्यूब थेट टाकीत सोडणं टाळा. तो एका जागी वितळतो, दांडगा मासा त्याच्याभोवती घिरट्या घालतो आणि बाकीचे बघत राहतात. वाटीत टाकीचं थोडं पाणी घेऊन वितळवा, बारीक गाळणीतून गाळा, मग द्या. एकदा वितळलेलं पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवू नका.

गाळून, धुऊन दिल्याने फॉस्फेट उतरेल, ही मात्र फार मोठी आशा लोक बाळगतात. वितळलेल्या पाण्यात थोडं फॉस्फेट असतं हे खरं, पण बराचसा फॉस्फरस त्या मायसिसच्या अंगातच आहे आणि तो कितीही धुतला तरी राहतो. धुण्यामुळे भुगा आणि रस जातो, स्वच्छता राहते, म्हणून मी धुतो. आकड्यांत त्याने उल्लेखनीय फरक पडल्याचं मला आढळलं नाही.

दादागिरीचा प्रश्न वेगळा. डॅमसेल, मोठी मादी क्लाउनफिश किंवा जुना टँग असला की तो आधी पोट भरतो आणि मग दुसऱ्यांना हाकलतो. अशा वेळी टाकीच्या एका टोकाला मोठे पेलेट देऊन त्याला गुंतवा, आणि लगेच दुसऱ्या टोकाला लाजऱ्या माशांसाठी बारीक खाणं सोडा. मोठ्या माशाला बारीक कणांत रस कमी असतो, हे इथे उपयोगी पडतं. टँगसाठी खाण्याआधी काचेवर क्लिपने नोरी (सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा पातळ तुकडा) लावली तर तो तिथे रमतो आणि मधली जागा मोकळी होते. माझ्या दोन उरलेल्या अँथियसना या एका बदलाने पुन्हा अंग धरलं.

कोणाला किती वेळा

सगळ्या माशांना एकाच वेळापत्रकात बसवणं ही माझी मूळ चूक होती. समुद्रात कोण कसं खातं हे आठवलं की वेळापत्रक आपोआप सुचतं.

अँथियस प्रवाळ भिंतीच्या तोंडाशी थव्याने उभे राहतात आणि वाहत येणारे प्राणिप्लवक दिवसभर एकेक करून टिपतात. एकदाच भरपेट जेवण ही कल्पना त्यांच्या शरीराला माहीतच नाही. त्यांना दिवसातून तीन ते पाच वेळा थोडं थोडं हवं. क्रोमिसचंही बरंचसं तसंच, पण ते जास्त सोसतात. रॅस कुळातल्या माशांना खरं जठर नसतं. साठवून ठेवायची जागाच नसल्यामुळे एक मोठं जेवण त्यांच्या उपयोगी कमी पडतं, म्हणून त्यांनाही वारंवार द्यावं. टँग दिवसभर चरणारे, त्यांचं आतडं लांब आणि वनस्पतींसाठी बनलेलं. त्यांना रोज मायसिस देऊन पोट फुगलेलं दिसतं, पण नोरी किंवा शेवाळयुक्त पेलेट मिळाले नाहीत तर अंगावरचा रंग फिका पडत जातो. त्यातही कोले टँगसारखे टेनोकीटस गटातले मासे कंगव्यासारख्या दातांनी दगडांवरचा पातळ थर खरवडून खातात. अगदी नव्या, चकचकीत टाकीत ते वाळतात आणि मालकाला कारण कळत नाही.

मँडरिनबद्दल स्पष्टच सांगतो. तो दिवसभर दगडांवरून एकेक कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) टिपत फिरतो, आणि बहुतेक मँडरिन पेलेटकडे ढुंकूनही बघत नाहीत. मुरलेली मोठी टाकी, कोपेपॉड वाढतील असा वेगळा कप्पा, म्हणजे रेफ्युजियम, आणि त्याच अन्नावर टपलेला दुसरा स्पर्धक नाही, एवढं नसेल तर तो मासा आणूच नये. दुकानात तो हमखास मिळतो म्हणून घरात तो जगतोच असं नाही. सोल्जरफिशसारखे रात्री फिरणारे मासे दिवे मंदावल्यावर खातात, त्यांच्या वाट्याचं तेव्हाच टाका. लायनफिशसारख्या शिकाऱ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं, रोज दिलं तर उलट त्रास.

दिवसातून पाच वेळा द्यायचं म्हणजे पाचपट द्यायचं नाही. सकाळी दिवसाचं खाणं मोजून एका डबीत काढा आणि त्यातलंच वाटून द्या. घरी कोणी नसेल त्या वेळांसाठी बारीक पेलेट टाकणारा ऑटो फीडर चांगला, फक्त तो टाकीच्या दमट हवेत बसतो हे लक्षात ठेवा. आतले पेलेट ओलावून गोळा होतात आणि दोन दिवस काहीच न पडता तिसऱ्या दिवशी ढेकूळ पडतं. दर चार दिवसांनी तो रिकामा करून पुसा, आणि खाण्याच्या वेळी रिटर्न पंप बंद होईल अशी वेळ जुळवा.

काय द्यायचं

सागरी माशांना ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची मेदाम्लं अन्नातूनच मिळावी लागतात, ती स्वतः पुरेशी बनवणं त्यांच्यापैकी बहुतेकांना जमत नाही. पूर्ण वाढलेल्या ब्राइन श्रिम्पमध्ये ही फार कमी असतात. मासे ते आवडीने खातात, म्हणून फक्त तेच देत राहिलं तर पोट भरलेलं आणि मासा कमजोर, असं चित्र दिसतं. नवा मासा खात नसेल तेव्हा ब्राइन श्रिम्पने तोंड उघडवा, पण रोजच्यासाठी मायसिस, कॅलॅनस (एक प्रकारचे कोपेपॉड), माशांची अंडी आणि चांगला पेलेट यांची फिरती ठेवा. घरी ब्राइन श्रिम्पची अंडी उबवून नॉप्लिआय (पिल्लं) देत असाल तर ते उबल्यावर लवकर द्या. आतल्या बलकावरच त्यांचं पोषणमूल्य असतं, आणि एक दिवस उलटला की ते बरंच खर्ची पडलेलं असतं.

सुक्या खाण्याचा मोठा डबा घेऊन वर्षभर पुरवणं टाळा. उघडल्यावर मेद खवट होतो आणि क जीवनसत्त्व हळूहळू नाहीसं होतं. मी छोटा डबा घेतो आणि फ्रीजमध्ये ठेवतो. मेदयुक्त पूरक थेंब घातलेलं खाणं दिल्यावर स्किमरचा फेस तासभर किंवा जास्त बसतो, त्याने घाबरून स्किमर उघडून बसू नका. तेलामुळे फेस मोडतो, नंतर आपोआप उठतो.

सगळं नीट केलं तरी फॉस्फेट परत का चढतं

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. खाणं आटोक्यात आणलं, पाणी बदललं, लोहयुक्त फॉस्फेट रिमूव्हर लावला, आकडा ०.०५ वर आला, आणि आठवड्यात पुन्हा ०.२. मग संशय पुन्हा खाण्यावर आणि मासे पुन्हा उपाशी.

लाइव्ह रॉक (टाकीतले जिवाणू वसलेले दगड) आणि अ‍ॅरागोनाइट वाळू म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटतं. पाण्यात फॉस्फेट जास्त असताना दगड ते साठवतो, पाण्यातलं कमी झालं की साठवलेलं परत सोडतो. तुम्ही वर्षभर जास्त खाणं टाकलं असेल तर ती सगळी पुंजी दगडात आहे, आणि ती उतरायला महिने लागतात. त्यामुळे खाणं सुधारल्यावर पहिले दोन महिने फॉस्फेट हट्टी राहिलं तरी त्याचा दोष आजच्या खाण्याला देऊ नका. रिमूव्हर थोड्या प्रमाणात, पण सातत्याने वापरा. एकदम भरपूर घालून आकडा झपाट्याने पाडला तर अक्रोपोरासारख्या कोरलची टोकं पांढरी पडतात.

नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट चढलेलं, असंही अनेकांना दिसतं आणि ते गोंधळतात. दगडाच्या आत, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. फॉस्फरसला अशी हवेत जायची वाट नाही. तो टाकीबाहेर न्यायचा तर कशाच्या तरी अंगातून न्यावा लागतो: स्किमरच्या कपातला काळा गाळ, कापून काढलेलं कीटोमॉर्फा (मुद्दाम वाढवलेलं शेवाळ), उपसलेली वाळूवरची घाण, बदललेलं पाणी, संपलेला रिमूव्हर. आल्फ्रेड रेडफील्ड यांनी समुद्रातल्या प्लवकांमध्ये नायट्रोजन आणि फॉस्फरसचं अणूंचं प्रमाण साधारण १६ ला १ असल्याचं दाखवलं. वर मांडलेल्या पेलेटच्या हिशेबात हे प्रमाण जवळपास तेवढंच येतं. म्हणजे टाकीत दोन्ही योग्य प्रमाणात शिरतात, पण बाहेर जाताना नायट्रोजनला एक दार जास्त मिळतं. हे एकदा लक्षात आलं की खाणं तोडण्याऐवजी बाहेर काढण्याकडे लक्ष जातं.

पाणी बदलण्याबद्दलही स्पष्ट असू द्या. १० टक्के पाणी बदललं तर नायट्रेट ४० वरून ३६ वर येतं, इतकंच. पाण्यातून मिळणारं सूक्ष्म द्रव्य आणि तळाचा गाळ उपसणं यासाठी ते जरूर करा, पण रोज येणाऱ्या मालाची बरोबरी त्याने होत नाही. माझ्या टाकीत खरी बरोबरी सम्पमधल्या कीटोमॉर्फाने साधली. त्याचा दिवा मुख्य दिवे बंद असताना लावतो, आणि दर दहा दिवसांनी निम्मा गोळा काढून टाकतो. वेव्हमेकर दगडांवर आठवड्यातून एकदा फिरवून, पिचकारीने फटींत फवारा मारून गाळ उडवतो आणि त्या दिवशी नवा सॉक लावतो. दुसऱ्या दिवशी तो सॉक काढताना आत काय असतं ते पाहिलं की इतके दिवस खाणं कुठे जमत होतं ते कळतं.

उलट्या टोकाला जाऊ नका

आकडे शून्यावर नेणं हे ध्येय ठेवू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य झाले की कोरल फिकट पडतात आणि तपकिरी, बुडबुडेदार, शेंबडासारखे डायनोफ्लॅजेलेट दगड-वाळू व्यापायला लागतात. त्यांच्याशी झगडणं केसाळ शेवाळापेक्षा कितीतरी अवघड आहे, मी दोन्ही केलंय. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ एवढ्यात टाकी असेल आणि मासे भरलेले असतील तर काहीही बदलू नका.

गावाला जायचं असेल तर शेजाऱ्याच्या हातात डबा देऊन जाऊ नका. औषधाच्या गोळ्यांची दिवसवार खणांची डबी मिळते, तिच्यात रोजचं खाणं मोजून भरा आणि डबा कुलपात ठेवा. धडधाकट, पूर्ण वाढलेले बहुतेक मासे दोन-तीन दिवस विनाखाण्याचे सहज काढतात. अँथियस आणि नुकतेच आणलेले मासे याला अपवाद.

सुधारणा कोणत्या क्रमाने दिसते

एका वेळी एकच बदल करा आणि त्याला निदान दोन आठवडे द्या. मी हा क्रम ठेवला: आधी चिमूट मोजणं, मग पंप बंद करून थोडं थोडं देणं, मग दिवसाचं तेच प्रमाण चार वेळांत वाटणं, आणि शेवटी सॉक आणि कीटोमॉर्फा. एकूण खाणं १.८ ग्रॅमवरून १.३ वर आलं, आणि तरी मासे आधीपेक्षा जास्त खात होते.

पहिला फरक माशांच्या वागण्यात दिसला, आठवडाभरातच. पर कुरतडणं थांबलं. पाठी भरायला चारेक आठवडे लागले. सहाव्या आठवड्याच्या आसपास काच दोन दिवसांऐवजी चार दिवसांनी पुसावी लागू लागली, आणि टॉर्चच्या उजेडात ब्रिसल वर्म मोजकेच दिसायला लागले. नायट्रेट तिसऱ्या महिन्यात १२ वर आलं. केसाळ शेवाळ हाताने उपटत राहावं लागलं, ते आपणहून गेलं नाही, पण उपटलेल्या जागी पुन्हा येणं कमी होत गेलं. फॉस्फेट सगळ्यात शेवटी हललं, पाचव्या महिन्यात, आणि मधल्या काळात दोनदा पुन्हा चढलंही. त्या दोन्ही वेळी माझा हात खाण्याच्या डबीवर आखडला होता. मी माशांच्या पाठी बघितल्या आणि ठरलेलं खाणं ठरल्याप्रमाणे घातलं.